पंचमाची जागा

भाऊसाहेब देशमुख कोणालाही नावाने हाक मारत नसत. मंगरूळच्या भर बाजारात, मेथीच्या ढिगापलीकडून त्यांची आरोळी यायची, "ओ गंधार! काहून लपून राह्यले? कालच्या काढ्यानं काईच फरक पडला नाई!" आणि पलीकडून आमचे वैद्यबुवा चालण्याचा वेग वाढवायचे. गंधार म्हणजे वैद्यबुवा. ऋषभ म्हणजे पोस्टमास्तर. मध्यम म्हणजे शाळेचे हेडमास्तर. आणि धैवत म्हणजे कापसाचे आडते सखारामजी, ज्यांना या नावाचा मनातून अभिमान होता आणि वरून राग.

परगावच्या माणसाला हे सगळे वेड वाटे. पण यामागे एक विद्यापीठ होते. भाऊसाहेबांच्या घराच्या माडीला जो जिना जातो, त्याच्या तोंडाशी निळ्या रंगाची पाटी होती: 'सप्तस्वर संगीत विद्यापीठ, मुख्य कचेरी'. दुय्यम कचेरी कुठे आहे असे मी एकदा विचारले होते. "नियमात मुख्य लिवलं हाये, म्हनून मुख्य," ते म्हणाले. विद्यार्थी किती, हेही विचारले होते. ते माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "बाप्पा, विद्यार्थी काय, कवाबी भेटतात. नियामक मंडळ भेटत नाई. आधी ते तर पक्कं होऊ दे."

ते पक्के करण्यात तोवर अकरा वर्षे गेली होती.

भाऊसाहेबांची सारी नोकरी नोंदणी कचेरीत गेली. तिथे कागदावाचून कोणी बाप ठरत नसे की मुलगा. त्यामुळे पेन्शन घेऊन गाण्याकडे वळल्यावर त्यांनी तंबोऱ्याआधी वही विकत आणली. त्यांनी केलेले नियम मला आजही पाठ आहेत. मंडळाचे सदस्य सात, कारण स्वर सात. षड्ज आणि पंचम हे अचल स्वर, ते कधी कोमल होत नाहीत की तीव्र, म्हणून त्या दोन जागा तहहयात. बाकीचे पाच स्वर बदलतात, म्हणून ते सदस्य दर तीन वर्षांनी बदलावेत. षड्ज अर्थातच ते स्वतः. पंचम होते रहीमभाई पिंजारी.

याच नियमातून सभेची शिस्तही निघाली होती. तीव्र होतो तो फक्त मध्यम. तेव्हा सभेत आवाज चढवण्याचा अधिकार एकट्या हेडमास्तरांना. इतरांना फार तर आवाज खाली आणता येई. सखारामजी कशावरून तरी भडकले की भाऊसाहेब शांतपणे टेबलावर बोट आपटत, "धैवताले तीव्र होता येत नाई. कोमल व्हा, सखारामजी, कोमल व्हा." सखारामजी दातओठ खात कोमल होत. हेडमास्तर बिचारे अत्यंत सौम्य गृहस्थ. अधिकार असून त्यांनी तो एकदाही वापरला नाही.

घरातही हाच कारभार. काकूंनी आतून सांगितले, "मीठ संपलं," की हे म्हणत, "ठराव मांडा."

"मांडला."

"अनुमोदन कोनाचं?"

काकू गोठ्यातल्या म्हशीकडे बोट दाखवत. म्हैस योगायोगाने मान हलवी. मग भाऊसाहेब पिशवी घेऊन निघत.

मी या मंडळात आलो तो निषाद म्हणून. नियमात 'निषाद पदवीधर असावा' असे होते आणि आमच्या भागात पदवीधर नव्हता. आमचे घर माळ्याचे. नदीकाठी वांगी-मेथीचा मळा. मी नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हा उतरायला ठिकाण मिळावे म्हणून भाऊसाहेबांनी तिथल्या एका परिचितांना पत्र दिले. वर ठराव क्रमांक होता. त्या एका पत्रावर मी चार वर्षे त्या सज्जन कुटुंबात राहिलो. हे उपकार मी विसरलो नाही, विसरणारही नाही. बी.ए. होऊन परतलो आणि मोटारीतून ट्रंक उतरवतो तोच समोर भाऊसाहेब, हातात वही.

"आला निषाद! सही कर."

"भाऊसाहेब, जरा घरी जाऊन वडिलांच्या पाया पडून येतो."

"सही करून पाया पड. सहा स्वरांवर किती दिवस काढाचे?"

पुढे शाळेत मास्तरकी लागली आणि वहीही माझ्याकडे आली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता सभा. हजेरी घ्यायची रीत अशी की भाऊसाहेब तंबोरा छेडत आणि मी एकेकाचे पद पुकारे. ज्याने त्याने आपला स्वर लावायचा, म्हणजे हजर. पोस्टमास्तरांचा ऋषभ शिक्का मारल्यासारखा येई. वैद्यबुवांना ऐकायला कमी यायचे, त्यामुळे त्यांचा गंधार दर महिन्याला नवा असे. सखारामजींना मात्र कान होता. चढ्या आवाजाचा हा माणूस धैवत असा अलगद लावी की तेवढ्यापुरता त्यांच्याबद्दल आदर वाटे. माझा निषाद कसा होता हे वडिलांनी एकदा जिन्याखाली उभे राहून ऐकले आणि मळ्यात जाऊन आईला सांगितले, "चार वर्सं नागपुरात शिकला तुहा पोरगा, अन् आता माडीवर बसून 'नी' म्हनून राह्यला."

आणि रहीमभाईंचा पंचम! हा माणूस दिवसभर कापूस पिंजायचा. धनुकलीची तात ठणठण वाजवत उभी हयात गेलेली. अंगावर, भुवयांवर कापसाचे तंतू. पण त्यांनी तोंड उघडून 'प' म्हटला की तंबोऱ्याची तार आणि त्यांचा गळा यांत फट राहत नसे. भाऊसाहेब डोळे मिटून म्हणत, "हजर."

सभेत काय चाले असे विचाराल, तर फार गंभीर कामे चालत. मंडळाचे अधिकार अभ्यासक्रम मंजूर करणे, अध्यापक नेमणे आणि विद्यापीठाच्या मालमत्तेची देखभाल असे तीन. मालमत्ता म्हणजे तंबोरा. त्रितालाच्या मात्रा सोळाच राहाव्यात हा ठराव एकमताने झाला. भैरव पहाटे शिकवावा की शिकवणाऱ्याला जाग येईल तेव्हा, यावर चार सभा गेल्या.

आणि मग आषाढात रहीमभाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आषाढाची सभा त्यांच्यावाचून झाली. श्रावणाचीही झाली. मी 'पंचम' पुकारल्यावर भाऊसाहेब तंबोरा तसाच छेडत राहत, बराच वेळ, आणि मग म्हणत, "पुढे चाल."

श्रावणातल्या सभेच्या शेवटी सखारामजी घसा साफ करत उठले. त्यांचे जावई रिसोडला पेटी वाजवत. वाजवत बरी. पण लोक त्यांना 'सखारामजीचे जावई' यापलीकडे ओळखत नसत आणि हे सासऱ्याच्या मनाला फार लागले होते.

"नियम चौदा," सखारामजी म्हणाले. "लागोपाठ तीन सभा गैरहजर राह्यला त्याची जागा खाली. पुढल्या वक्ती तिसरी होते. आमच्या जावयाचं नाव लिवून ठेवा."

"पंचम अचल हाये," भाऊसाहेब म्हणाले.

"नियमात 'कोनताही सदस्य' लिवलं हाये. तुमच्याच हातचं. तुमच्या साळ्याले याच नियमानं काढलं ना तुमी?"

हे खरे होते. माझ्याआधी एकदा भाऊसाहेबांनी सख्ख्या मेहुण्याला ऋषभपदावरून याच नियमाने उतरवले होते आणि काकू त्यांच्याशी दोन महिने बोलल्या नव्हत्या. मेहुण्यासाठी न वाकलेला नियम आता वाकवायचा कसा? भाऊसाहेबांचा चेहरा मी प्रथमच असा पाहिला. वहीत जे आहे ते आहे, हेच त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना सांगितलेले.

पुढचा महिना ते वही घेऊन बसले. मला बोलावून विचारत, "निषाद, तू बी.ए. हायेस. तीनचा अर्थ चार होऊ शकते का?" मी म्हटले, "नाही, भाऊसाहेब." त्यांनी मान डोलावली, "मलेबी तसंच वाटलं." मग रहीमभाईंना खुर्चीत बसवून माडीवर आणायचा बेत झाला. वैद्यबुवांनी तो ऐकला, या खेपेला नीट ऐकला, आणि म्हणाले, "जिन्यातच सदस्य खाली व्हाचा. हलवू नका."

भाद्रपदातला पहिला रविवार उजाडला. चार वाजता आम्ही जिन्याशी जमलो तर पाटीच्या जागी नुसते दोन खिळे. आत काकू म्हणाल्या, "विद्यापीठ बाहेर गेलं."

आम्ही बाजाराकडे धावलो. भाऊसाहेब देशमुख, ज्यांच्यासमोर निम्मा बाजार उठून उभा राही, ते डोक्यावर निळी पाटी घेऊन पिंजारपुऱ्याकडे चालले होते. एका हातात हातोडी. भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"भाऊसाब, काय इकून राह्यले?"

"विद्यापीठ!" ते न थांबता म्हणाले. "निषाद, तंबोरा आन घरून. पळ!"

मी तंबोरा घेऊन पोचलो तेव्हा रहीमभाईंच्या दारावर पाटी ठोकून झाली होती आणि सखारामजी भडकले होते. "हे काय नाटक हाये? सभा मुख्य कचेरीतच पाह्यजे!"

"नियम सहा," भाऊसाहेब म्हणाले. "निषाद, वाच."

मी वाचले. 'विद्यापीठाची पाटी जिथे लावलेली असेल ती मुख्य कचेरी समजावी.' एका पावसाळ्यात माडी गळत होती म्हणून सभा देवळाच्या ओसरीत भरवावी लागली होती. तेव्हाचा हा नियम. सखारामजींनी वही माझ्या हातून घेतली, उलटी केली, सुलटी केली, परत दिली.

"ठीक हाये," ते म्हणाले. "पन हजेरी रीतीनंच होईन. स्वर लागला तर हजर."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. रीतही त्यांचीच होती.

खोलीत कापसाचे गाठोडे, भिंतीला टांगलेली धनुकली आणि बाजेवर रहीमभाई. तोंड एका बाजूला ओढलेले. आम्ही दाटीने जमिनीवर बसलो. तंबोरा सुरू झाला. मी पुकारत गेलो. षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम. सगळे हजर.

"पंचम."

तंबोरा वाजत होता. रहीमभाईंचे ओठ थरथरले, त्यातून नुसती हवा आली. डाव्या हाताने त्यांनी बाजेची कड घट्ट धरली. भाऊसाहेब त्यांच्याकडे पाहत नव्हते. तारेकडे पाहत होते, आणि त्यांचे बोट थांबत नव्हते. मी पुन्हा पुकारू की नको या विचारात असतानाच बाजेवरून एक आवाज आला. शब्द नव्हता, 'प' हे अक्षरही नव्हते. घशाच्या तळातून आलेला, फाटका, ओढलेला स्वर.

वैद्यबुवांनी माझ्या कानाशी विचारले, "काय म्हनले?"

मी सखारामजींकडे पाहिले. आम्हां सर्वांत खरा कान त्यांचाच, आणि नको म्हणायला कारणही त्यांनाच. ते मान तिरकी करून ऐकत होते. स्वर विरला तरी ऐकत राहिले.

"पंचमच हाये," ते म्हणाले. आवाज कोमल होता. "लिव, मास्तर. हजर."

त्यांचा स्वतःचा धैवत त्या दिवशी लागला नाही. भाऊसाहेबांनी तो चालवून घेतला. अकरा वर्षांत नियम मोडला तो तेवढाच.

चहा झाला. मंडळी गेली. मी वही बांधत दाराशी आलो तिथे रहीमभाईंच्या घरच्या, आमिनाबी, बशा विसळत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुमाले मालूम हाये का हे मंडळ काहून काढलं ते? दोघं पोट्टे होते तवा संग गायचे, नदीवर. भाऊसाबच्या वडिलाईनं बंद केलं. पिंजाऱ्याचा पोट्टा माडी चढनार नाई म्हने. वडील गेले, तरी भाऊबंद होतेच बोलाले. मंग भाऊसाब इथं आले, वही घेऊन. म्हने, रहीम, दोस्ताले लोक जिन्यावर अडवतात, सदस्याले कोन अडवते? सही कर."

मी आत वळलो. भाऊसाहेब बाजेजवळ जमिनीवरच बसले होते. रहीमभाईंच्या ओढलेल्या ओठावरून चहाचा थेंब उपरण्याने टिपत होते. मला पाहून त्यांनी एकदम कारकुनी आवाज काढला.

"निषाद, पुढच्या सभेची नोटीस लिव."

"लिहितो. आश्विनातला पहिला रविवार ना?"

"उद्या."

मी वर पाहिले.

"उद्या, चार वाजता. इथंच," ते म्हणाले. मग उपरणे खांद्यावर टाकत, "अन् परवाची बी लिवून ठेव."

मी लिहिली. माझ्याकडे ती वही अजून आहे. त्या भाद्रपदापासून रहीमभाई जाईपर्यंत आमच्या नियामक मंडळाच्या, रोज एक अशा, एकूण एकेचाळीस सभा झाल्या. षड्ज आणि पंचम प्रत्येक सभेला हजर होते.