गुलाम नबीची बैलजोडी

लेक रौशनचा निकाह दोन दिवसांवर आलेला असताना बोरी अरबच्या गुलाम नबी मेकॅनिकनं आपली जीप विकली आणि बैलजोडी घरी आणली. बायको शमा दारातच आडवी आली.

"रौशनचे अब्बा, हे काय घेऊन आले?"

"जमिनीच्या पोटातलं तेल संपून राह्यलं. रेडिओवर मोठमोठ्या लोकायनं सांगतलं. आता बैलच चालतीन."

"आन् जावई काय बैल हाकलते का? दारव्ह्यात ग्यारेज हाय त्याचं! ते पाहूनच तर पोरगी देऊन राह्यलो!"

गुलाम नबीनं बैलांना पाणी दाखवलं. खरं तर रेडिओवाल्यानं पन्नासेक वर्षांची मुदत दिली होती, पण नेमका तेव्हाच हा कार्बुरेटर फुंकत होता, म्हणून तेवढं ऐकायचं राहिलं. त्यात कापसाचा भाव पडल्यापासून बाजारात बैल मातीमोल झालेले. स्वस्तात मिळालेली वस्तू आपण अक्कल चालवूनच घेतली, असं माणसाला वाटतंच.

एरवी गावात कुणी बैल घेतले तर कोण बघतो? पण ज्याची चूल इंजिनावर पेटते त्यानंच बैल आणले म्हटल्यावर शेजारचा धर्मपाल कॅन शोधायला लागला.

"नबीभाऊले आतली खबर असन," तो म्हणाला आणि कॅन घेऊन पंपाकडे पळाला. त्याच्यामागे गाव निघालं. कुणी फवारणीचे ड्रम आणले, कुणी घागरी, एकानं तर नातवाचा अंघोळीचा टब आणला. संध्याकाळी पंप कोरडा.

"पाहा, संपलं ना?" गुलाम नबी म्हणाला. आपलं खरं ठरल्याचा त्याला आनंदही झाला आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी पंपाचा मालक रामलाल धापा टाकत आला.

"नबीभाऊ, बैल द्या! टँकर गावाबाहेर बंद पडला."

"काय बिघडलं?"

"डिझेल संपलं त्याचं! रस्त्यातले पंपबी लोकायनं खाली केले."

"मंग टँकरातलं घ्या ना."

"सील हाय. पंपावर पोचल्याशिवाय डायवर हात लावू देत नाही."

गुलाम नबीची जोडी जुंपली, मग धर्मपालची, मग आणखी चार. काठोकाठ भरलेला डिझेलचा टँकर बैल ओढत आणताहेत, हे दृश्य स्टँडवर उभ्या असलेल्या दारव्ह्याच्या यष्टीतल्या प्रवाशांनी डोळ्यांनी पाहिलं. एका म्हातारीनं तर हात जोडले.

निकाहच्या दिवशी पंपावर डिझेल होतं, रांग मात्र नव्हती; गावाला आता कंटाळा आला होता. मांडवात पाहुणे होते. नव्हती ती फक्त वरात. दुपार टळली तसा गुलाम नबीचा धीर सुटला. वरातीच्या गाड्यांना वाटेत डिझेल मिळालं नसणार, पोरीचा निकाह आपल्याच तोंडानं मोडला, या विचारानं त्याला रडू यायला लागलं.

तेवढ्यात घुंगरं वाजली. बैलगाड्यांची रांगच आली! पहिल्या गाडीतून नवरदेव साद उडी मारून उतरला आणि त्यानं सासऱ्याला मिठी मारली. गुलाम नबीच्या जिवात जीव आला.

"अब्बाजी, तुमी नसते तर मी डुबलो असतो!"

"काहून, बेटा?"

"परवा तुमच्या बैलायचं ऐकलं, तरी माहा इश्वास बसला नाही. पन काल यष्टीतले लोक सांगे, टँकरबी बैलच ओढून राह्यले! तवाच ग्यारेज इकलं. ह्या समद्या जोड्या आपल्याच!"

"इकलं? कोनाले?" गुलाम नबीनं विचारलं.

"बाजूच्या लखीरामले. येडा हाय बिचारा, हासत हासत घेतलं."

शमा दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

गुलाम नबीनं मान खाली घातली आणि तो जावयाच्या बैलांना पाणी दाखवायला निघाला.