आप्पांच्या कमरेचा ठराव

माणसाला कंबर एकच असते, पण ती नेमकी कुठे आहे हे ठरवायला सभा भरवावी लागते. हातखंब्यापलीकडच्या एका वाडीत ती गेल्या वैशाखात भरली.

निमित्त आरोग्यखात्याच्या योजनेतल्या दोरीचं. आपल्या उंचीइतकी दोरी घ्यायची, दुमडून निम्मी करायची आणि बेंबीवरून गुंडाळायची. टोकाला टोक लागलं तर ठीक. नाही लागलं, तर धडधाकट दिसणाऱ्याचंही शरीर इन्सुलिनला जुमानत नसण्याचा संशय; मग उपाशीपोटी रक्ततपासणी. (आणि निकाल येईपर्यंत आमरस बंद. हे कलम आरोग्यखात्याचं नव्हे, आप्पांच्या बायकोचं, मालनचं. तिच्या भावाच्या पायाचा अंगठा साखरेपायी कापावा लागला होता.)

दोरी घेऊन आशाताई म्हणून आली ती आप्पांचीच सून, वेदिका. सुनेने सासऱ्याच्या कमरेला हात घालायचा कसा? "मामंजी, तुम्हीच गुंडाळा," म्हणून तिने पाठ फिरवली. आप्पांनी गुंडाळली. चार बोटांची फट राहिली. आप्पांच्या पोटात धस्स झालं. पोटात जागा भरपूर होती. तिकडे माळ्यावर हापूसची पहिली अढी घमघमत होती!

माजी सरपंच ते. त्यांनी तातडीने सभा बोलावली. "माझी प्यांट लग्नापासून बत्तीस नंबरची," ते गरजले. "शिंपी काय खोटा बोलतो?"

सगळ्या पुरुषांनी आपापले नंबर सांगितले. सरासरी तेहेतीस निघाली (तिघांनी मुंबईहून फोनवर कळवले). त्यावरून ठराव झाला: कंबर म्हणजे प्यांट जिथे थांबते ती जागा. तिच्यावरून जे ओघळतं ते पोट. तो स्वतंत्र अवयव असून त्याची चौकशी या योजनेत बसत नाही. विरोधात एक मत, मालनचं. फेरमोजणीत शंभर टक्के पुरुष निरोगी आढळले.

दुपारी आप्पा रसाच्या तिसऱ्या वाटीवर होते. मालनने मागून येऊन दोरी बेंबीवरून आवळली. टोकं भेटेनात.

"अहो, ठरावाला साखर होत नाय, माणसाला होते," ती म्हणाली. "माझ्या दादाची प्यांटपण बत्तीसचीच होती. उद्या सकाळी उपाशी चला माझ्याबरोबर."

आप्पांनी वाटी खाली ठेवली नाही. श्वास रोखून त्यांनी पोट आत ओढलं, आणि टोकाला टोक लागलं.

"बघ!" ते कसेबसे म्हणाले.

तुम्ही मात्र सोडा आता श्वास. दुसऱ्या परिच्छेदापासून धरून बसलायत.