बॉडीला प्लस

तुळशीराम वायरमन तारेची चव घेऊन करंट ओळखायचा. तारेचं टोक जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "आंबट लागते. सहाची हाय." बारा व्होल्टची त्याला झणझणीत लागायची. टेस्टर त्याच्या खिशात असे, पण तो कान कोरायला. शेलूबाजारच्या मोटारवाल्यांचा त्या जिभेवर पंचांगापेक्षा जास्त भरवसा होता. ती जीभ बोलायला लागली की मात्र सगळे काढता पाय घ्यायचे.

माझा त्याच्याशी खरा संबंध आला तो सत्तरच्या दशकात, पेट्रोल एकाएकी महागलं तेव्हा. माझ्याकडे एक म्हातारी विलायती व्हॅन होती. सकाळी तिच्यातून मळ्यातली वांगी-मेथी न्यायची आणि संध्याकाळी वाशीमच्या स्टेशनावर आगगाडीच्या वेळेला माणसं पोचवायची. पेट्रोल परवडेना म्हणून मी अकोल्याहून नवं डिझेल इंजिन आणलं. मेकॅनिकनं ते चार दिवसांत बसवून दिलं. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण बसला. मला वाटलं, संपलं काम. तुळशीरामनं बॉनेट उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "इंजिन बसलं भाऊ, पण सोयरीक कुठं जमली?"

सोयरीक जमायला दोन महिने लागले. जुन्या गाडीचा सगळा कारभार सहा व्होल्टचा, नव्या इंजिनचा सेल्फ-स्टार्टर बाराचा. पेट्रोलला ठिणगी लागते, डिझेलला आधी गरमी. त्यामुळे निम्म्या जुन्या तारांना काम उरलं नाही आणि नव्या तारांना जागा नव्हती. तुळशीरामनं सहाच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा केले आणि दिवे मात्र एकाच बॅटरीवर ठेवले. जुन्या तारांवर कापडाचं वेष्टण होतं आणि वयामुळे सगळ्यांचे रंग सारखेच काळे पडले होते. तो सीटखाली आडवा पडून एकेक तार चाखायचा आणि मधेच मला हॉर्न दाबायला सांगायचा. हॉर्न दाबला की वायपर हलायचा. वायपर लावला की आतला दिवा लागायचा. "काही तरी होऊन राह्यलं ना?" तो खालून विचारायचा. त्याचं समाधान फार लवकर व्हायचं.

त्याच्यापुढे एकच गोष्ट काढायची सोय नव्हती, ती म्हणजे त्याचा मुलगा वसंता. वसंता त्याच्याच हाताखाली तयार झालेला, चांगला बाविशीचा गडी. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातून एका कंत्राटदाराच्या विलायती जीपची बॅटरी जोडताना डायनामो जळाला. तुळशीरामनं भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारली आणि "पुन्हा माझा उंबरा चढू नको" म्हणाला. वसंता त्याच संध्याकाळी वाशीमहून आगगाडीत बसला. खंडव्याला कुठल्याशा गॅरेजात आहे, एवढंच पुढे कानावर आलं. बायको आधीच वारलेली. तेव्हापासून तुळशीराम सवयीनं दोघांच्या भाकरी थापायचा आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी शिळ्या खायचा.

एका दुपारी काम संपत आलं. त्यानं व्हॅनचा जुना करंटचा मीटर जोडला आणि काटा उलटा गेला. पुन्हा जोडला, पुन्हा उलटा. दोन महिने तो आपल्या सवयीनं गाडीच्या बॉडीला मायनस लावत होता, आणि दिव्यांना, हॉर्नला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आता त्यानं बॅटरीच्या जुन्या पट्टीवरचा मळ खरवडला. खाली अधिकची खूण निघाली. त्या गाडीला कारखान्यातूनच बॉडीला प्लस दिलेला होता.

दुरुस्ती मिनिटाची होती. मीटरच्या दोन तारा अदलाबदल केल्या की झालं. पण तुळशीराम पक्कड ठेवून निंबाखाली जाऊन बसला, तो तासभर उठला नाही. मला वाटलं, शेवटी जिभेला झटका बसला. मी आणलेला चहा तसाच निवून गेला.

व्हॅन सुरू झाली. आणि त्याच आठवड्यापासून रोज संध्याकाळी निघायच्या वेळेला तिचे दिवे जाऊ लागले. तुळशीराम पाना-पक्कड घेऊन शेजारी चढायचा, रस्त्यात पाहतो म्हणायचा. स्टेशनावर बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचा. आगगाडी आली की डोकं बाहेर काढून उतरणाऱ्या एकेका माणसाचं तोंड पाहायचा. गाडी गेली की दिवे लगेच लागायचे. पाचव्या दिवशी स्टेशनावर मी टॉर्च घेऊन नीट पाहिलं. दिव्याच्या तारेचा स्क्रू कोणीतरी मुद्दाम ढिला केलेला होता.

मी चिडून त्याला तिथंच विचारलं. त्यानं नाही म्हटलं नाही.

"वसंतानं मले म्हनलं होतं," तो म्हणाला, "बाबा, या जीपीच्या बॉडीले प्लस हाय. मी म्हनलं, बापाले शिकवून राह्यला का? लाव मायनस. त्यानं लावला. डायनामो जळाला, अन् मी त्यालेच मारलं. अशी गाडी राह्यते हे मले ठावंच नव्हतं. तुमच्या गाडीनं दाखोलं."

त्यानं खंडव्याच्या गॅरेजचा पत्ता मिळवून शाळेच्या मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं होतं, घरी ये म्हणून. उत्तर नव्हतं. पण आला तर याच आगगाडीनं येणार. मी म्हटलं, मग उघड येऊन बसत जा, तार कशाला सोडता?

"अन् लोकाइले काय सांगू? भर बाजारात हाकललं त्याले मी."

मला त्याच्या जिभेची केलेली सगळी थट्टा आठवली आणि लाज वाटली. त्या वसंताचा रागही आला, एक कार्ड टाकायला काय जातं म्हणून. तेवढ्यात गाडी आली. गाठोडीवाल्या दोन बाया उतरल्या, एक तलाठी उतरला. तुळशीरामनं स्क्रू आवळला आणि तो व्हॅनमध्ये येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे ठणठणीत होते. तुळशीराम दुकानाच्या दारात उभा होता आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहत होता. माणसं बसली, निघायची वेळ झाली, तरी तो जागचा हलला नाही. मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि तो स्क्रू दोन आटे ढिला केला. मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"तुळशीरामभाऊ, दिवे पुन्हा लागून नाही राह्यले. मले काही समजत नाही. चला बरं संग."

तो पाना आणायला आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात धुतलेला सदरा होता.