मास्तरांचा थांबणारा बँड

आमच्या धाराशिवात लग्नाचा मुहूर्त भटजी काढायचे. पण नवरदेव मारुतीच्या देवळातून किती वाजता हलवायचा, हे मात्र बँड कुणाचा सांगितलाय त्यावर ठरायचं. दुसरा कुठला बँड असला तर गोरजाच्या थोडं आधी निघालं तरी भागायचं. शिवलिंग मास्तरांचा असला की दुपारची जेवणं उरकल्याबरोबर घोडा सजवायला घ्यायचा. कारण मास्तरांचा बँड वाटेत थांबायचा.

थांबायचा म्हणजे कसा? गाणं ऐन रंगात आलेलं असायचं, नवरदेवाचे दोस्त फेट्याचे शेमले उडवत नाचत असायचे, आणि मास्तरांची काठी एकाएकी वर जायची. बँड गप. मास्तर डोळे वटारून सगळ्या रांगेवरनं नजर फिरवायचे आणि म्हणायचे, ‘‘कोन चुकलं? अज सरे नौ.’’

अज सरे नौ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. हे शब्द त्यांनी निजामाच्या पलटणीतनं आणले होते. पण पहिल्यापासून म्हणून लगेच सुरू होईल तर तो मास्तरांचा बँड कसला? आधी ते ढोलाची दोरी ताणून बघायचे. मग कुणाच्या तरी कोटाच्या बटणाला राखेनं घासायची अक्कल नाही म्हणून त्याला चार शब्द सुनवायचे. मग कर्णेवाल्याला कर्ण्यातलं पाणी झटकायला लावायचे. तोवर घोडा शेपटीनं माश्या वारत उभा, नवरदेव मुंडावळ्यांतनं घाम पुसत बसलेला, आणि नाचणारे पानाच्या दुकानाकडं पांगलेले. सगळं मनासारखं झालं की काठी खाली यायची आणि परण्या, म्हणजे ती मिरवणूक, चार पावलं पुढं सरकायची.

पुरुषमंडळी वैतागायची. बायकांना मात्र मास्तरांचाच बँड हवा असायचा. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना गाठता यायचं, पदर नीट करता यायचा, कडेवरलं लेकरू दुसरीच्या कडेवर देता यायचं. घरात बँड ठरवायची वेळ आली की गडी लाख बोलोत, शेवटी बायका म्हणतील तेच व्हायचं, आणि त्यामुळं मास्तरांचा धंदा चालायचा.

मास्तर आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. मूळचे मुरूमचे. मिसरूड फुटायच्या आत हैदराबादेला गेले, पलटणीच्या बँडात शिरले आणि वाजवत वाजवत काठी हातात घेण्यापर्यंत पोचले. तिथं म्हणे मोठमोठे लोक बागेत खुर्च्या टाकून बसायचे आणि गाणं संपेपर्यंत कुणी खोकायचं नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, पलटण मोडली, तिचा बँडही मोडला. मास्तर एक जरीचा कोट, एक हस्तिदंती मुठीची काठी आणि एक दोस्त घेऊन धाराशिवात आले. दोस्ताचं नाव चाँदभाई. क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचं हैदराबादेत मागं कुणी उरलं नव्हतं. मास्तरांनी आपल्या परसातली खोली त्यांना आणि त्यांच्या बीवीला दिली आणि दोघांनी मिळून बँड उभा केला. वाजवणारी पोरं इथलीच. कुणी टांगा हाकणारा, कुणी विड्या वळणारा. त्यांना हाताला धरून शिकवलं.

मास्तरांचा लाडका शब्द ‘बाकायदा’, म्हणजे रीतसर. धोतर बाकायदा नेसायचं, भाकरी बाकायदा मोडायची, शिंक आली तरी ती बाकायदा तालावर यावी असा त्यांचा आग्रह. आमची आई उखळात मिरच्या कांडायला बसली की भिंतीपलीकडनं आवाज यायचा, ‘‘वैनी, लय घसरली तुमची.’’ आई म्हणायची, ‘‘मला मिरच्या कांडायच्यात, नाचायचं न्हाय.’’ पण मी पाहिलंय, त्यानंतर तिचं मुसळ जरा सुधारून पडायचं.

आणि मास्तर उलटं चालायचे. इतर बँडमास्तर काठी फिरवत तोंड पुढं करून चालतात. मास्तरांना ते बिलकूल मंजूर नव्हतं. ज्यांच्याकडनं वाजवून घ्यायचं त्यांच्याकडं पाठ करून चालतो तो बँडमास्तर न्हवं, वाटाड्या, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं मारुतीच्या देवळापासनं मांडवापर्यंत ते बँडकडं तोंड करून, टाचेनं रस्ता चाचपत, मागं मागं सरकत जायचे. एकदा भाजी मंडईपाशी ते सरळ गटारीत गेले. गुडघाभर घाणीत उभे. पण काठी चालूच. काठी थांबली नाही म्हणून बँडही थांबला नाही, जागच्या जागी पाय आपटत वाजवत राहिला. गाणं संपल्यावर मग मास्तरांनी वर काढायला हात पुढं केला.

हे सगळं आम्ही गल्लीतले लोक चवीनं सांगायचो. मीही सांगायचो. मी शाळामास्तर, म्हणजे गोष्ट तिखटमीठ लावून सांगायची सवय धंद्यातच आली. पण एक गोष्ट मला बरेच दिवस कोड्यात टाकत होती. मास्तरांची तालीम रोज सकाळी त्यांच्या परसात व्हायची. सगळे पोत्यांवर बसून वाजवायचे. पोरं असली बेसूर फुंकायची की आमची म्हैस दूध चोरायला लागली. पण तालमीत मास्तर कधी थांबायचे नाहीत. चुकलेल्याच्या डोक्यात काठीनं हलकेच टिचकी, आणि गाणं पुढं. अज सरे नौ फक्त रस्त्यावर. तेही पहिली काही वर्षं नव्हतंच, मागनं सुरू झालं. मी एकदा विचारलंसुद्धा. मास्तर म्हणाले, ‘‘गुर्जी, तुमी पाडे शिकवा.’’

माझ्या शाळेतल्या एका मास्तराचं लग्न बेंबळीला ठरलं. बँड आमच्या शिवलिंग मास्तरांचा. मी नवरदेवाकडनं गेलो होतो. मुलीचा चुलता गावचा मोठा माणूस, कडक. सगळे त्याला तात्या म्हणायचे. मुहूर्त जवळ आलेला, ऊन मी म्हणत होतं, आणि मारुतीपासनं मांडवाकडं जायचा रस्ता चढाचा.

पहिल्यांदा बँड थांबला तेव्हा तात्या नुसते खाकरले. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा पुढं आले.

‘‘कोन चुकलं म्हनता? दाखवा. त्याला आत्ता घरी धाडतो.’’

मास्तरांनी रांगेवरनं नजर फिरवली. म्हणाले, ‘‘पोरांचं काय न्हाय, तात्या. माझीच काठी चुकली.’’

तात्यांनी बजावलं की यापुढं मुहूर्त टळला तर बघा. आता एकदा जरी थांबलात तर गावची हलगी बोलावतो आणि तुमचा बँड इथंच सोडून नवरदेव घेऊन जातो. मास्तरांनी मान डोलावली. बेंबळीसारख्या मोठ्या गावात पुढाऱ्यासमोर शोभा झाली म्हणजे आसपासच्या गावांतली लग्नं गेली, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी काठी खाली आणली आणि बँड चढाला लागला.

मी तेव्हा चाँदभाईंच्या अगदी शेजारनं चालत होतो. गाणं त्यांच्यावरच होतं, बाकीचे नुसती साथ करत होते. काय गोड वाजवत होते! पण जवळनं पाहिलं तर त्यांच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या आणि ओठ काळेनिळे पडले होते. दोन सुरांच्या मधे ते श्वास ओढायचे तेव्हा छातीतनं भात्यासारखा आवाज यायचा. मी समोर पाहिलं. मास्तर उलटे चालत होते. बँडमधे एवढी माणसं. पण मास्तरांची नजर एकट्या चाँदभाईंच्या गळ्यावर खिळलेली. चढ अर्धा राहिला होता. मास्तरांनी एकदा तात्यांकडं पाहिलं, एकदा चाँदभाईंकडं, आणि काठी वर केली.

‘‘अज सरे नौ.’’

तात्यांनी बोलल्याप्रमाणं केलं. हलगीवाले आले, नवरदेव गेला, आणि जाता जाता चार माणसांत तात्या मास्तरांना नको नको ते बोलले. मास्तर ऐकून घेत उभे राहिले. जरीच्या कोटाची बटणं उन्हात चमकत होती आणि माणूस मात्र पार उतरून गेला होता. मला नवरदेवाबरोबर जायला हवं होतं, पण पाय निघेना. मी मागं राहिलो.

सगळा बँड एका लिंबाखाली बसला. मी मास्तरांना बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं की तुम्ही त्यांच्यासाठी थांबता ना?

मास्तरांनी आधी मागं वळून चाँदभाई ऐकत नाहीत ना, हे पाहिलं. ‘‘दम्यानं खाल्लाय त्याला,’’ ते म्हणाले. ‘‘बसून वाजिवतो तवर ठीक, चालताना फुफ्फुस साथ देत न्हाय. पर गुर्जी, तुमाला बापाची आन हाय, त्याला बोलायचं न्हाय. आपल्यामुळं बँड थांबतो असं त्याला कळलं तर उद्यापास्नं बाजा हातात धरायचा न्हाय. मानी हाय लई. आन बाजा सुटला तर तो माणूस महिनाभर बी जगायचा न्हाय.’’

मी म्हटलं, आणि तुमची जी शोभा झाली ती?

‘‘शोभा माझी झाली. त्याचं वाजवनं तर चांगलंच हाय की.’’ एवढं बोलून मास्तर पोरांसाठी पाणी आणायला विहिरीकडं गेले.

त्यांची पाठ वळल्याबरोबर चाँदभाई सरकत सरकत माझ्याजवळ आले. अजून धाप लागलेलीच होती. हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘गुरुजी, किसको बोलना नक्को. मास्टर के कानां गये.’’

मी विचारलं, ‘‘म्हणजे?’’

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कुणी चुकलेलं नसतं, सूर बरोबर असतो, तरी मास्तरांना चूक ऐकू येते आणि ते बँड थांबवतात. असं बरीच वर्षं चाललंय. एवढा मोठा उस्ताद, पण वयापुढं कुणाचं चालतं? बीवी रोज म्हणते की तुमची छाती साथ देत नाही, आता घरी बसा. त्यांनाही ते पटतं. ‘‘लेकिन मैं बैठ गया तो इने अकेला पड़ जाता,’’ चाँदभाई म्हणाले. ‘‘पोट्टे हसते उसको. मैं हूँ तब तक सँभाल लेतूं.’’ मग जरासं हसून म्हणाले की अल्लाची मेहेरबानी बघा, ते असे मधेच थांबतात त्यामुळं मलाही जरा दम खायला मिळतो.

मास्तर पाण्याची बादली घेऊन आले. पहिला तांब्या त्यांनी चाँदभाईंना दिला. चाँदभाईंनी तो आधी मास्तरांपुढं केला. दोघांत थोडा वेळ तू घे, तू घे असं झालं. मी एकाचं गुपित एका कानात आणि दुसऱ्याचं दुसऱ्या कानात घेऊन त्या दोघांच्या मधे बसलो होतो. हसावं का रडावं कळेना. शेवटी मीच तो तांब्या पिऊन टाकला.

दोघांच्या शपथा मी पाळल्या. बेंबळीकडची लग्नं गेली ती गेलीच. धाराशिवात मात्र बायकांच्या कृपेनं बँड थांबत थांबत चालत राहिला. गल्लीत कुणी मास्तरांची टिंगल सुरू केली की मी तिथनं उठून जायचो.

पुढल्या थंडीत चाँदभाई गेले. आदल्या सकाळी परसातल्या तालमीत पोत्यावर बसून त्यांनी क्लॅरिनेट वाजवलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. कब्रस्तानापर्यंत मास्तरांनी खांदा दिला तो कुणाला बदलू दिला नाही. लोक सारखे पुढं होत होते, मास्तर मान हलवून नको म्हणत होते. त्या दिवशी मात्र मिरवणूक वाटेत कुठं थांबली नाही.

त्यानंतर महिना-दीड महिना परसात तालीम झाली नाही. आमच्या आईला कांडताना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग माझ्या धाकट्या बहिणीचं, कमलचं लग्न निघालं. नवरदेव येडशीचा. आई म्हणाली, बँड मास्तरांचाच, दुसरा दारात उभा करणार नाही. मी जाऊन विचारलं. मास्तर हो म्हणाले.

आम्ही सवयीनं सगळा हिशेब नेहमीच्या थांबण्याचा धरला होता. जेवणं झाली, भांडी उचलली, आणि नवरदेवाला मारुतीच्या देवळातून हलवा म्हणून निरोप पाठवला. मी मांडवातच होतो. वाजवण्याचा आवाज ऐकू आला आणि तो सारखा जवळ येत राहिला. मी वाट बघत होतो, आता थांबेल, आता थांबेल. मंडई गेली, पाणपोई गेली, आमच्या गल्लीचं तोंड आलं. कुठं खंड नाही. बँड सरळ मांडवाच्या दारात येऊन उभा राहिला.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. कमलचा अंबाडा अर्धा राहिलेला. भटजी अजून झोपेतनं उठायचे होते. आचारी बुंदी पाडत होता. आमचे वडील एका हातात फेट्याचं टोक धरून नवरदेवाला सामोरे धावले. मुहूर्ताला केवढा तरी वेळ होता.

वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपले कौतुकानं म्हणाले, ‘‘मास्तर, आज एकदा बी थांबला न्हाईत. बँड लई तयार झाला म्हनायचा.’’

मी वडिलांचा हात धरून त्यांना मागं ओढलं. मास्तर मांडवाकडं पाठ करून बँडकडं बघत उभे होते. क्लॅरिनेट आता त्या टांगेवाल्या पोराच्या हातात होतं. चांगला दांडगा गडी. त्याला घामसुद्धा आला नव्हता.

मास्तरांनी विचारलं, ‘‘दमलं का रे कुनी?’’

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. ‘‘न्हाय, मास्तर.’’

मास्तर एकेकाच्या गळ्याकडं बघत रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. मग काठी काखेत धरून म्हणाले, ‘‘तरी बसा जरा.’’