सॅन्टन डाउनलोडर बदलतो

नंदाखालचा सॅन्टन वालीवच्या कारखान्यात सुपरवायझर. यंत्र अडलं की दुरुस्त करत बसायचं नाही, सरळ बदलून टाकायचं, हे त्याचं तत्त्व, आणि घरीही तेच. मिक्सर बदलला, पंखे बदलले, टीव्ही दोनदा बदलला. बायको एमिली तेवढी कायम राहिली, तीही देवळात फादरसमोर शब्द दिला होता म्हणून.

त्यामुळे कॅनडाहून मेहुण्याने, जॅक्सनने, टॉरंटची लिंक पाठवली तेव्हा सॅन्टनने बाह्या सरसावल्या. मामला साधा नव्हता. सासूसासऱ्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची कॅसेट जॅक्सनने तिकडे नेऊन कॉम्प्युटरवर चढवली होती. चढवताना कॅसेट तुटली, कॉम्प्युटरवरची फिल्म तेवढी वाचली. त्या फिल्ममध्ये सासरे गाणं म्हणत होते, आणि सासरे आता राहिले नव्हते. रविवारी सासूबाईंचा, इनेझआईंचा, ऐंशीवा वाढदिवस होता. नवऱ्याचा आवाज एकदा ऐकवा, बाकी मला काही नको, असं त्या म्हणाल्या होत्या.

"आई, काळजीच सोडा," असं म्हणून सॅन्टनने टॉरंट समजावून सांगितलं. टॉरंट म्हणजे आपल्या लग्नातली पंगत. पहिला जेवला की उठून दुसऱ्याला वाढतो. वाढणारे वाढले की जेवण झटपट उरकतं. जेवून, हात पुसून पळून गेला तो मात्र माणूस नव्हे! दुबईचे आणि ऑस्ट्रेलियाचे नातेवाईकही याच पंगतीला बसले होते. कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद सॅन्टनने घरात दिली, तीही एमिलीने मुकाट ऐकून घेतली.

पहिला डाउनलोडर, म्हणजे फिल्म उतरवून घेणारं सॉफ्टवेअर, निळा होता. मंगळवारी सकाळी सॅन्टन पाहतो तर खाली येणारा बाण थंड, वेग शून्य. वर जाणारा बाण मात्र सुसाट. म्हणजे येत काहीच नाही, उलट आपल्याच घरातलं बाहेर चाललंय! त्याने निळा तिथल्या तिथे उपटला. फाइलीही काढू का, असं निळ्याने जाता जाता विचारलं. सॅन्टनला मुळातच टापटिपीची आवड, तो हो म्हणाला.

मग हिरवा आणला. हिरवा अर्ध्यावर येऊन बसला. कारखान्यातल्या चिरागने काळ्याची शिफारस केली. काळाही नेमका तिथेच बसला. चौथा तर इतका नवा होता की त्याचं नावही सॅन्टनला उच्चारता येईना, पण अर्ध्याच्या पुढे जायला तोही तयार नव्हता. शनिवार उजाडला. इनेझआईंनी उद्यासाठी साडी काढून ठेवली होती.

फॅमिली ग्रुपवर चौकशी केली तर दुबई अडलेली, ऑस्ट्रेलियाही अडलेली. जॅक्सनचा लॅपटॉप ऑफिसचा, तो परत करताना त्याने फिल्म पुसून टाकली होती. कारण मंगळवारी एकाला ती पूर्ण मिळाल्याचं त्याने स्वतः पाहिलं होतं. मग तो एक कुठे गायब झाला, असं तो विचारत होता.

सॅन्टनचं रक्त उसळलं. जेवून पळणाऱ्या त्या माणसाच्या दारात मी पुन्हा पाणीसुद्धा पिणार नाही, असा आवाजी संदेश त्याने ग्रुपवर ठणकावला. दुबईने टाळ्या पाठवल्या.

तेवढ्यात जॅक्सनचं उत्तर आलं. "भाऊजी, तो माणूस इंडियातला होता. निळा डाउनलोडर वापरत होता."

सॅन्टनचा अंगठा मोबाइलवर तसाच राहिला. इंडियातून पंगतीला बसलेला तो एकटाच होता. खाली यायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून बाण थंड पडला होता. आणि वर जात होतं ते सासऱ्यांचं गाणं, दुबईला आणि ऑस्ट्रेलियाला; ते त्यानेच अर्ध्यावर तोडलं होतं.

तो स्वयंपाकघरात गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने सगळं बोलून मोकळा झाला. एमिलीने उद्या तळायच्या फुग्यांचं, गोल गोड पावांचं, पीठ मळता मळता ऐकून घेतलं. मग हात धुतले आणि साखरेच्या डब्यामागून पेन ड्राइव्ह काढला.

"मंगळवारी चहा ठेवायला आले, तर शंभर टक्के लिहिलेलं दिसलं. आईसाठी उतरवून घेतली."

"मग बोलली का नाहीस?"

"हात लावायचा नाही, असं तूच म्हणाला होतास. लावला असं कशाला सांगू?"

रविवारी सासऱ्यांनी टीव्हीवर गाणं म्हटलं. इनेझआई रडल्या, हसल्या आणि पुन्हा लावा म्हणाल्या. मग पानं मांडली. सॅन्टन वाढायला उभा राहिला तो खाली बसायचं नावच घेईना.

"जावई, तुम्ही पण बसा आता," इनेझआई म्हणाल्या.

"नाही आई. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत मी वाढणार."

किती विनयशील जावई, असं सगळे म्हणाले. एमिलीने त्याच्या हातात फुग्यांची परात ठेवली. आतल्या खोलीत कॉम्प्युटरही पेन ड्राइव्हवरची फिल्म सकाळपासून दुबईला वाढत होता.