रिकाम्या गोलाची कैफियत

॥ श्री ॥ न पाहतां एक शब्द न वदणाऱ्या श्रीगजाननास नमन, आणि पाहिलेलें न लपविणाऱ्या शारदेस नमन. शके एकुणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी, भौमवासर, ते दिवशीं जें वर्तलें आणि त्याचे आधीं व नंतर जें घडलें, त्याची ही कैफियत. साहेबीं पुसिलें कीं, हॉकीचा खेळ खेळून उतरलेले वीर पुढें संघाचा कारभार करितात आणि उंच बसोन समालोचन सांगतात, तें त्यांस साधतें कीं नाहीं, हें शोधून लिहिणें. त्यावरून पाहिलें आणि खात्रीच्या माणसांपासून ऐकिलें तें लिहिलें असे. राज्याचें नांव घातलें नाहीं. ओळखूं आल्यास उत्तम, न आल्यास आपलेंच समजावें.

तर त्या राज्यीं मुलींच्या संघाचे कारभारी दाजी वायंगणकर म्हणून होते. हे आपले उमेदीत अकरा वर्षें पुरुषांचे संघांत होते आणि त्यांत खेळले सामने चार. बाकीचा काळ बाकावर बसून काढिला. लोक हांसत कीं दाजींनीं काठी झिजविली नाहीं, बाक झिजविला. परंतु बाकावर बसून दाजींनीं पाहिलें बहुत. कोणती पोर दमली म्हणजे डावा पाय ओढते, कोणीस रागें भरलें असतां चेव येतो आणि कोणीस भरलें असतां ती कोमेजते, हें त्यांस पाठ होतें, आणि सहा वर्षें संघास यश येत गेलें. त्यांणीं आपले जोडीस भागीरथीबाई ऊर्फ भागूताई खवरे यांस घेतलें. या बाई चौदा वर्षें राज्याच्या गोलरक्षक होत्या. गोलरक्षकाचें काम ऐसें कीं, दहाजणी पुढें तोंड करून धांवतात, त्यांस पाठीमागचें दिसत नाहीं, मग पाठीशीं उभी असेल तिनें सगळें मैदान पाहावें आणि ओरडून सांगावें कीं डावीकडून आली, मोकळी आहे, धर, सोड. भागूताई घरीं इतकें हळू बोलत कीं शेजारणीस कान पुढें करावा लागे. आणि जाळीचें शिरस्त्राण चढलें कीं त्यांचा आवाज समोरच्या गोलापावेतों जाई. चौदा वर्षें हा नेम चालला आणि त्यांत एके दिवशींही न पाहिलेलें त्यांणीं सांगितलें नाहीं, कारण गोलरक्षकानें खोटें सांगितलें तर त्याचें फळ पांच पळांत पाठीमागें जाळींत येऊन पडतें.

पुढें दाजींचे डोळ्यांस कमी दिसूं लागलें, आणि ज्यास दिसत नाहीं त्यानें सांगूं नये ऐसें बोलून त्यांणीं आपण होऊन कारभार सोडिला, आणि दरबारीं अर्ज केला कीं माझे मागें भागीरथीबाईंस नेमावें. दरबार भरला. दरबाराचा जुना शिरस्ता ऐसा कीं, ज्यानें अधिक गोल केले त्यास संघाचा कारभार, आणि त्याचे खालोखाल ज्यानें केले त्यास समालोचनाचा माईक. मग कारकुनानें वाचून दाखविलें कीं, अमृतराव शेवाळे, गोल एकशें बारा. रंगनाथपंत ऊर्फ रंगोपंत तासगांवकर, गोल सत्त्याण्णव. भागीरथीबाई खवरे, गोल शून्य. सभेंत हांसें जाहलें. दाजी उठोन म्हणाले, "अहो, गोलरक्षक गोल करीत नसतो. होऊ देत नसतो." कारकून म्हणाला, "मग न झालेले गोल लिहू कुठं? त्याला खानाच नाही." इतकें होऊन निकाल लागला. अमृतरावांस कारभार आणि रंगोपंतांस माईक मिळाला, आणि भागूताईंस आज्ञा जाहली कीं तुम्हीं पूर्ववत् दुसरे जागीं बसून पाण्याच्या बाटल्या आणि पट्ट्या पाहाव्या.

हे अमृतराव आणि रंगोपंत एके काळची नामांकित जोडी. एक मधून धांवे, दुसरा डावीकडून, आणि रंगोपंतांनीं चेंडू द्यावा व अमृतरावांनीं मारावा ऐसें तेरा वर्षें चाललें. मारणें खरेंच अप्रतिम होतें. त्यास नांव ठेवील त्याची जीभ झडेल. परंतु कारभारीं बसल्यावर पोरींनीं पुसिलें कीं राव, फटका कसा मारायचा, तेव्हां रावांनीं काठी घेतली, चेंडू जाळींत घातला आणि म्हणाले, "असा." पोरींनीं पुसिलें, मनगट कधीं वळवायचें. राव म्हणाले, "मनगट आपोआप वळतं." त्यांत लबाडी नव्हती. त्यांचें आपोआपच वळत होतें. कर्णास कवच जन्मतःच होतें. तें अंगावर कसें चढवावें हें त्यास पुसून काय उपयोग? पोरींचें वळेना, मग राव रागें भरत, आणि म्हणत कीं हल्लींच्या पोरींत रग नाहीं. गोलाकडे तर त्यांणीं कधीं पाहिलेंच नाहीं. केतकी डवरी म्हणून सोळा वर्षांची पोर गोलांत उभी राहत असे, सरावाचे वेळीं राव तीस म्हणत, "तू चेंडू गोळा कर. गोलात कोणी नसलं तरी जाळी आहे." भागूताई ऐकून घेत. मात्र रोज पहांटे देवपूजा आटोपून, कोणी येण्याचे आधीं, केतकीस मैदानीं घेऊन जात आणि शिकवीत. सामना बरोबरींत सुटला म्हणजे एकेक खेळाडू एकटा गोलावर येतो आणि त्यास आठ सेकंद मिळतात, त्यास शूटआऊट म्हणतात. त्यांत केतकी आठांतले सात अडवूं लागली. ताई म्हणत, "चेंडू बघू नकोस गं, तिचं खांद्याचं हाड बघ. चेंडू खोटं बोलतो."

आणि रंगोपंतांचें समालोचन कैसें, तेंही लिहितों. पंतांचा एक गोल होता, एकतीस वर्षांपूर्वीं उत्तरेकडील राज्यावर भर पावसांत केलेला. तो ते प्रत्येक सामन्यांत सांगत. सामना रंगांत येई आणि पंत म्हणत, यावरून आठवलें. मग खालीं कोण पडलें, कोणीं अडविलें, यांतील कांहीं राज्यास कळत नसे, कारण वर पाऊस पडत असे. चहाच्या टपरीवर पोरें तो गोल पंतांचे आवाजांत करून दाखवीत.

मग रथसप्तमीचा दिवस आला. शेजारच्या राज्याशीं अखेरचा सामना, लोक तीन हजार, आणि कर्णे चारी दिशांस लाविलेले. केतकीची आई पूर्वेकडील पायऱ्यांवर बसली होती. सामना दोन-दोन जाहला आणि चार मिनिटें उरलीं. बरोबरी राहती तर शूटआऊट होता, आणि त्यासाठींच पोरीनें तीन महिने पहांटा केल्या होत्या. परंतु अमृतरावांस शूटआऊट या शब्दाचा कंटाळा होता, कां कीं त्यांचे अखेरचे सामन्यांत एका गोलरक्षकानें त्यांस तेथेंच अडविलें होतें. रावांचे मनीं आलें कीं गोलरक्षक बाहेर घ्यावी आणि तिचे जागीं एक धांवणारी अधिक धाडावी. हरत असलेला संघ ऐसें करितो, त्यास गमावण्यास कांहीं नसतें. बरोबरींत असलेला करीत नाहीं. भागूताई बाकावरून उठल्या आणि म्हणाल्या, "राव, बरोबरी आहे. थांबा. पोर अडवील."

"गोलरक्षक काय सामना जिंकून देतो, बाई?"

"हरू देत नाही."

"तीच तुमची खोड. मी हरणं वाचवायला बसलेलो नाही." ऐसें बोलून रावांनीं हात वर केला. केतकीनें गोलांतून पाहिलें आणि छातीवर हात ठेवून पुसिलें, मी? रावांनीं हातानेंच बोलाविलें. पोर जड पॅडांनिशीं धांवत बाहेर आली. ते वेळीं रंगोपंत म्हणत होते, यावरून आठवलें, आणि पाऊस पडूं लागला होता. मग दोन मिनिटांत आपली पोर चेंडू गमावती जाहली, शेजारची घेऊन निघाली, गोलापुढील अर्धवर्तुळांत आली आणि वाण ठेवावें तसा हळूच रिकाम्या गोलांत चेंडू ठेविती जाहली. तीन-दोन. आरोळी उठली तेव्हां पंतांनीं खालीं पाहिलें, आणि गोलांत कोणी नाहीं हें त्यांस दिसलें. कां नाहीं हें पुसावें ऐसें मनांत आलें नाहीं. माईकमध्यें बोलिले, "अरे, गोलरक्षक कुठं गेली? जागा सोडून पळाली की काय पोरगी? आमच्या वेळी गोलरक्षक जीव द्यायचा, जागा द्यायचा नाही." चारी कर्ण्यांतून हें वाजलें. आणि तीन हजार माणसें, ज्यांणीं रावांचा हात वर गेलेला स्वडोळ्यांनीं पाहिला होता, तींच उठोन पळपुटी पळपुटी ऐसें ओरडूं लागलीं. याचा राग अद्याप जात नाहीं. डोळे त्यांचे होते, आणि विश्वास कर्ण्यावर.

केतकीनें शिरस्त्राण काढिलें आणि ती भागूताईंस म्हणाली, "ताई, मी पळाले नाही ना?"

या एका प्रश्नानें बाईंचे अंगाची आग जाहली. शिव्या पोरीनें सोसिल्या असत्या. परंतु स्वतः केलें काय हेंच तीस खात्रीनें कळेना. बाईंनीं तीस पाणी दिधलें आणि अमृतरावांकडे गेल्या. राव म्हणाले, समालोचकाचे तोंडास आपण काय करणार. मग बाई चौसष्ट पायऱ्या चढोन वर माडीवर गेल्या आणि रंगोपंतांस हळूच पुसिलें, "पंत, तुम्ही पाहिलंत?"

पंत म्हणाले, "गोल रिकामा होता, ते सगळ्यांनीच पाहिलं."

"रिकामा कोणी केला, ते पाहिलंत?" आणि घडलें तें बाईंनीं सांगितलें. पंतांचा चेहरा उतरला. मनुष्य मुळांत दुष्ट नव्हता. त्यांणीं माईक हातानें झांकिला आणि म्हणाले, "वाईट झालं. पण अमृताचं नाव आहे, ताई. मी त्याला जन्मभर चेंडू दिला, त्याच्याकडून काढून घेतला नाही. पोर लहान आहे. लोक विसरतील."

"तुमचा गोल विसरलेत का लोक, एकतीस वर्षांत?"

पंतांनीं माईक आपलेकडे ओढिला. मग म्हणाले कीं माईक तुम्हांस देतां येणार नाहीं. बाई म्हणाल्या, "मी मागितला नाही." आणि खालीं उतरल्या. बक्षिसाचा समारंभ चालला होता आणि मानकरी हारतुरे घेऊन उभे होते. बाई त्या गडबडींतून सरळ चालत रिकाम्या गोलापाशीं गेल्या, दोन्हीं खांबांचे मध्यें चौदा वर्षें जेथें उभ्या राहिल्या तेथेंच उभ्या राहिल्या, पदर खोंचला, आणि जो आवाज समोरच्या गोलापावेतों जाई तो काढिला.

"चार मिनिटं होती. बरोबरी होती. रावांनी हात वर केला. पोरीनं विचारलं, मी? रावांनी बोलावलं. ती आली. पंत तेव्हा स्वतःचा गोल सांगत होते. हा गोल रावांनी रिकामा केला. केतकीनं नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

मग पूर्वेकडून एक शेंगदाणेवाला म्हणाला, खरं आहे, हात वर झाला होता, मी पाहिला. मग दुसरा म्हणाला मीही पाहिला. मग पुष्कळ म्हणाले, आणि ज्यांणीं मोठ्यानें पळपुटी म्हटलें होतें ते अधिक मोठ्यानें म्हणाले. केतकीची आई उठली. खालीं येऊन पोरीचे पॅडांचे बंद सोडूं लागली.

पुढें दरबार भरला आणि ठराव जाहला कीं, भागीरथीबाई अधिकाराविना बोलल्या, सबब दूर केल्या. अमृतरावांस शाल दिधली, कां कीं त्यांणीं धाडस केलें. रंगोपंतांस शाल दिधली, कां कीं अमृतरावांस दिधली. केतकीस ठेविलें, कां कीं दुसरी गोलरक्षक नव्हती. बाई घरीं आल्या, सांजवात केली, आणि दुसरे दिवशीं पहांटे नेमाप्रमाणें पूजा आटोपून मैदानाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आंत जाण्याची मनाई होती. केतकी बाहेर आली. कुंपणाबाहेरचे माळावर दोन दगड मांडून त्यांचा गोल केला.

शके एकुणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पुन्हां तोच सामना आला. पुन्हां बरोबरी, आणि पुन्हां थोडकीं मिनिटें उरलीं. बाई पूर्वेकडील पायऱ्यांवर लोकांत बसल्या होत्या. अमृतरावांनीं हात वर केला. केतकीनें पाहिलें. मग तिनें तोंड मैदानाकडे फिरविलें आणि ओरडली, "डावीकडून येतेय, धर." रावांनीं दोन्हीं हात वर केले, लाल जाहले, बाकाभोंवतीं फिरले. पोर जागची हलली नाहीं. माडीवर पाऊस पडत होता, त्यामुळें हें राज्यास कोणीं सांगितलें नाहीं. सामना बरोबरींत सुटला, शूटआऊट जाहला, केतकीनें पांचांतले चार अडविले आणि राज्य जिंकलें. तेव्हां कर्ण्यांतून रंगोपंतांचा आवाज आला, "याला म्हणतात मोठा खेळाडू. अमृतरावांनी गोलरक्षकावर विश्वास टाकला, बघा."

बाईंचे शेजारीं एक अनोळखी बाई बसली होती. ती डोळे पुसून म्हणाली, "केवढं मन हो रावांचं."

भागूताईंनीं हळूच पुसिलें, "त्यांचे हात वर होते. तुम्हाला दिसले?"

"दिसले की. दोन्ही."

"मग बोला."

ती बाई इकडेतिकडे पाहती जाहली, पर्स शेजारणीचे मांडीवर ठेविली, आणि उभी राहिली.

साहेबीं पुसिलें त्याचा जबाब इतकाच. दाजी चार सामने खेळले, त्यांस कारभार साधला. अमृतराव दोनशें खेळले, त्यांस साधला नाहीं. रंगोपंतांस सांगतां येतें, परंतु एकच सामना. भागीरथीबाईंस साधतें कीं नाहीं हें दरबारास ठाऊक नाहीं, कां कीं न झालेल्या गोलांचा खाना अद्याप आंखिला नाहीं. पाहिलें इतकें लिहिलें. न पाहिलेलें एक अक्षर यांत आलें असेल तर तें देव पाहून घेईल.