सोलापुरातला जपानी नेचा

हिरेमठ सरांच्या हातावर पेढा ठेवला, तर ते आधी विचारतात, "कुठला? कधीचा? कुणी आणला?" तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय पेढा तोंडात जात नाही. माझ्या बढतीचा पेढा त्यांनी परत केला होता, कारण मला दुकानाचं नाव आठवेना.

सर आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी रोज अकराला हजर. वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पती आणि त्यांची लेबलं हाच त्यांचा संसार. "लेबल न्हाय, तर निस्ता पाला हाय. शेळीला घाला की!"

मी प्रयोगशाळेतला सहायक. यंदा या सगळ्या नमुन्यांच्या नोंदी मी कॉम्प्युटरवरून जगभरच्या वनस्पतींच्या सामायिक यादीत चढवल्या. शेजारी बसून सर चुका काढायचे. एका तारखेपायी त्यांनी मला दुपारचं जेवू दिलं नाही.

त्यात एका जपानी नेच्याचे बारा कागद निघाले. नेचा म्हणजे फर्न, सावलीत, ओलाव्यात वाढणारं झाड. आमच्या उन्हात त्याचं काय काम? अकरा कागद जपान-कोरियाहून आलेले. बाराव्यावर सरांच्याच अक्षरात ठिकाण होतं: सोलापूर. मी मुकाट तेच टाइप केलं. यादीतल्या नकाशावर तिकडं अकरा ठिपके उमटले, इकडं एक.

आठवड्याभरात त्या यादीच्या नोंदी तपासणाऱ्यांचं पत्र आलं. हा नेचा तुमच्याकडे उगवत नाही, चूक सुधारा, नाहीतर नोंद काढून टाकू.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "सर, तुमची चूक सापडली!"

सरांनी पत्र वाचलं आणि खुर्चीत बसले. "चूक न्हाय वो. घरात हुता, मोरीच्या खिडकीत, कुंडीत. आमच्या मंडळींनी लावलेला. मे महिन्यात ओलं फडकं गुंडाळून जगवायच्या. त्या गेल्या, मला कुटं जमतंय ते? पार वाळायच्या आधी एक पान दाबून ठेवलं. तेवढंच ऱ्हायलंय. काढू नका की."

सरांना कुणाची विनवणी करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

नियमात वाट होती. नोंदीत 'लागवडीचा' असा रकाना असतो. तिथं लावणाऱ्याचं नाव घातलं की नोंद राहते. सरांनी लेबलावर तो कोरा ठेवला होता.

"नाव सांगा, सर."

उभ्या आयुष्यात बायकोला 'मंडळी'च म्हणत आलेला माणूस. सर हळूच म्हणाले, "गिरिजा."

मी टाइप केलं. "छान नाव आहे, सर."

"व्हय की," सर म्हणाले. "हाक मारायची ऱ्हाऊनच गेली."